परतवाड्याची कात्री

आमचे पणजोबा परतवाड्यात आले ते छावणीच्या शिलाईकामासाठी, असं घरात सांगतात. अचलपूर हे इमादशाहीच्या राजधानीचं जुनं गाव. त्याला लागून हैदराबाद कंटिन्जंटची छावणी पडली आणि तिच्या आधारानं परतवाडा वाढला. 1903 साली हे सैन्य भारतीय लष्करात मिसळलं, पुढे छावणी उठली. 1905 साली एलिचपूर, म्हणजे अचलपूर, जिल्हाही अमरावतीत विलीन झाला. शिपाई गेले, कचेऱ्या गेल्या. शिंपी इथंच राहिले.

मग गिऱ्हाईक झालं गाव. खणाची चोळी बाया घरीच हातानं शिवत. ब्लाउज आला तसं मुंढा, बाही, अस्तर हे काम मास्तरकडे आलं. होळी हा कोरकू आदिवासींचा सर्वांत मोठा सण. त्याआधी मेळघाटच्या डोंगरातली ही मंडळी कपड्यांसाठी खाली उतरत. अचलपूरची ईद, दिवाळी, लग्नसराई. या दिवसांत आमच्या घरात रात्री झोप नसे.

कापसाचं मात्र वेगळंच. शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवरून वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला जाई. अचलपुरात विदर्भ मिल होती, ती 1974 च्या कायद्यानं सरकारकडे गेली. नंतर फिनले मिल आली. मार्च 2020 च्या टाळेबंदीत तिचे साचे थांबले. मिल बंद पडली की शिलाईचं दुकानही ओस पडतं, कारण पगाराच्या दिवशी कापड घेणारी माणसंच उरत नाहीत.

बाबांकडून मी कटिंग शिकले. ते म्हणायचे, "पहिले मानूस पाय (पाहा), मंग टेप लाव." लाकूड डेपोवरचा हमाल आला की आधी त्याला दुकानात चालायला लावत. वर्षानुवर्षं ओंडके वाहून एक खांदा उतरलेला असे. बाबा खडूनं त्या बाजूची रेघ अर्धा इंच खाली घेत, मग कात्री लावत. नवा सदरा घालून तो माणूस आरशापुढं उभा राहिला की सदरा दोन्ही खांद्यांवर सारखा बसलेला दिसे. बाबांनी त्या अर्ध्या इंचाचे पैसे कधी घेतले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. मापाच्या वहीत फक्त शिलाई लिहिलेली असे.

हीच आमच्या धंद्याची जुनी दुखरी जागा आहे. कारागिराला नगावर मजुरी, काज-बटन करणाऱ्या बाईला तिचे ठरलेले पैसे. मास्तरची नजर कुठल्याच हिशेबात नाही. तयार कपडे आले तेव्हा पुरुषांचं काम आधी तुटलं, कारण आम्ही फक्त शिलाई विकत होतो आणि कारखाना ती स्वस्तात विकू शकत होता. ब्लाउज टिकला. तो अंगावर बसावा लागतो.

आता फॅशन डिझायनिंग शिकलेल्या मुली माझ्याकडे येतात. हात चांगला, रंगांची जाण चांगली. गिऱ्हाईक मोबाइलवर ब्लाउजच्या गळ्याचा फोटो दाखवतं. मुलगी त्या गळ्याचा कागद स्वतः काढते, बाईच्या पाठीला शोभेल असा बदलते, आणि पैसे साध्या ब्लाउजचेच घ्यावे लागतात. वर्षभरात त्या दुसरी नोकरी शोधतात. त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून मी पावतीवर कटिंगचे पैसे वेगळे लिहायला लागले आहे. काही जणी भांडतात, काही देतात. तुम्ही कुठल्याही गावात शिवायला कपडा टाकाल, तेव्हा कटिंग कुणी केलं ते विचारा आणि त्याचे पैसे वेगळे द्या.