मोटारसायकलचा श्वास

मोटारसायकलचा धनी पेट्रोलचा हिशेब थेंबाथेंबानें ठेवतो. हवेचा हिशेब मात्र कोणीच ठेवीत नाहीं. वस्तुतः एक लिटर पेट्रोल पूर्णपणें जळावयास सुमारें ९,००० लिटर हवा लागते. एवढी हवा इंजिन रस्त्यावरूनच ओढून घेतें आणि तिच्याबरोबर रस्त्याची धूळहि आंत येऊं पाहते. ही धूळ अडविणारी जी गाळणी, जिला मिस्त्री लोक एअर फिल्टर म्हणतात, तिचा इतिहास म्हणजे यंत्र आणि धूळ यांच्या झगड्याचा इतिहास होय.

आरंभींच्या अनेक मोटारसायकलींना असें रक्षण नसे. कार्ब्युरेटरचें तोंड उघडेंच असे. फार झालें तर त्यावर तारेची जाळी बसवीत. युरोपांतील बांधीव रस्त्यांवर तेवढ्यानें निभावून जाई. परंतु दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्याच्या नॉर्टन व बी. एस. ए. गाड्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत उतरल्या, तेव्हां बारीक वाळूपुढें जाळीचें कांहीं चालेना. म्हणून पेट्रोलच्या टाकीवर गाळणीची मोठी पेटी बसवून तिच्यांतून कार्ब्युरेटरपर्यंत जाड नळी नेण्यांत आली. ती दिसावयास बेढब होती. पण इंजिनाचें आयुष्य तिच्यावर अवलंबून होतें.

भारतांत १९५५ मध्यें मद्रास येथें बुलेटचा कारखाना निघाला आणि १९८५ मध्यें हीरो होंडा सी. डी. १०० सारखी काटकसरी गाडी आल्यावर मोटारसायकल कामकऱ्याच्या दारीं पोंचली. दरम्यान गाळणीहि पालटली. जाळीच्या जागीं तेलांत भिजविलेला स्पंज व घडीदार कागद आले आणि ती बाजूच्या झाकणाआड दडली. दृष्टीआड झाल्यामुळेंच तिची हेळसांड होऊं लागली.

भिवंडीलगतच्या शेलारसारख्या गांवीं ही हेळसांड विशेष महाग पडते. हातमागांच्या जागीं यंत्रमाग आल्यापासून या परिसरांत सुताची तूस हवेंत तरंगत असते. मालमोटारींच्या चाकांखालची धूळ तिला येऊन मिळते. तूस आणि धूळ यांचा थर गाळणीवर बसला कीं हवा अपुरी पडते, काळा धूर निघतो, प्लगवर काजळी धरते व पेट्रोल वायां जातें. पुष्कळजण मग वैतागून गाळणीच काढून टाकतात. हा उपाय रोगापेक्षां भयंकर! काळा धूर थांबतो खरा. पण उघड्या वाटेनें शिरलेली धूळ सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा घासून काढते, ऑईल जळूं लागतें आणि अखेर इंजिन उघडावें लागतें. ज्याची रोजी गाडीवर, त्याला तो खर्च व तितके खाडे दोन्ही सोसावे लागतात.

उपाय साधा आहे. स्पंजाची गाळणी केरोसीननें किंवा साबणाच्या पाण्यानें धुवावी, पूर्ण वाळवावी व तेल लावून हलकेंच पिळावी. कोरड्या कागदाची असल्यास हळूच झटकावी, पाण्यांत बुडवूं नये. तेलकट कागदाची असल्यास ती साफ करण्याचा खटाटोप न करतां बदलावी. फाटलेली तर क्षणभरहि ठेवूं नये. गाडीच्या पुस्तिकेंत दिलेली मुदत सामान्य रस्त्यांसाठीं असते. धुळीच्या गांवीं ती आंखडती घेणेंच शहाणपणाचें.

वाळवंटांत सैन्याला जें उमगलें, तेंच शेलारच्या रस्त्यालाहि लागू आहे. इंजिनाचें बळ पेट्रोलांत असेल, पण त्याचें दीर्घायुष्य निर्मळ श्वासांत आहे.