वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड
(म्हण). वऱ्हाड प्रदेशाच्या सुपीकतेचा व सुबत्तेचा गौरव करणारी मराठी म्हण. येथील जमीन इतके पिकवते, की शेतकऱ्याने कुऱ्हाडही सोन्याची वापरावी, असा तिचा आशय.

पार्श्वभूमी : वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी, कसदार जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात याच भागातील खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. १८७० मध्ये जलंबहून तेथे रेल्वेची शाखा पोहोचली.

उपयोग : म्हण प्रदेशाला उद्देशून वापरतात. आज ती बहुधा गतवैभव आठवताना व कोरडवाहू शेतकऱ्याची ओढाताण मांडताना येते. उदा., ‘वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणत, आज कापसाला रास्त भाव मिळाला, तरच ते नाव सार्थ ठरेल.’