पुनरुत्थान रविवारी जन्मलेली रंगभूमी

लोककलांना सहसा जन्मतारीख नसते. जात्यावरची पहिली ओवी कोणत्या माउलीने गायिली, लग्नघरी पहिला घुमट कोणी घुमवला, हे कोणालाच सांगता यायचे नाही. कोकणी ‘तियात्र’ मात्र या नियमाला अपवाद आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन भुरगो’ या नाटकाचा प्रयोग झाला आणि एका नव्या रंगभूमीचा पडदा वर गेला. तो दिवस रविवार होता; आणि सर्व रविवारांत श्रेष्ठ असा प्रभूच्या पुनरुत्थानाचा रविवार होता. हा निव्वळ योगायोग मानावा काय? या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागले की नाटकाच्या इतिहासाबरोबरच एका कष्टकरी ख्रिस्ती समाजाच्या स्वाभिमानाचा इतिहासही आपल्यासमोर उलगडत जातो.

आपली मराठी रंगभूमी आपला आरंभ ५ नोव्हेंबर १८४३ पासून मोजते. त्या दिवशी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले. त्यांच्या पाठीशी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. तियात्राला असा राजाश्रय कधी लाभला नाही. त्याला आश्रय दिला तो मुंबईत पोटासाठी आलेल्या गोवेकरांनी. त्यांत साहेबांच्या बंगल्यावरचे स्वयंपाकी आणि बटलर होते, शिंपी होते, बोटींवरचे खलाशी होते, बँडमध्ये वाजवणारे वादक होते. गाव सोडून आलेल्या या मंडळींचे घर म्हणजे ‘कूड’. एकेका गावाच्या लोकांनी मिळून धोबी तलाव, माझगाव, डाबूल अशा वस्त्यांत मोठ्या खोल्या घेतल्या. दरमहा थोडकी वर्गणी भरायची, भिंतीशी आपली ट्रंक ठेवायची आणि रात्री चटई पसरून झोपायचे. एका बाजूला वेदी असे. संध्याकाळी तिच्यापुढे सर्वांनी मिळून रोझरीची प्रार्थना करायची आणि गावच्या पालक संताचा सण वर्षातून एकदा थाटाने पाळायचा, अशी तिथली शिस्त होती. गाव दूर राहिले होते, परंतु गावपण त्यांनी सोडले नव्हते.

या लोकांची करमणूक कशाने व्हावी? गोव्याहून येताना त्यांनी ‘खेळ’ आणि ‘जागर’ हे आपले जुने लोकनाट्यप्रकार बरोबर आणले होते. त्यांत गाणे होते, सोंग होते, गावातल्या बड्या धेंडांची टिंगलही होती. परंतु मुंबईतल्या खेळांतली भाषा अनेकदा घसरे. घरंदाज कुटुंबे आणि धर्मगुरू त्याकडे नाराजीने पाहत. नेमक्या याच वेळी बार्देसातील आसगावचा लुकाझिन ऱिबेरो नावाचा तरुण नोकरीच्या शोधात मुंबईला आला. त्या काळी इटालियन ऑपेरा कंपन्या मुंबईचा दौरा करीत. अशाच एका कंपनीचे प्रयोग पाहून तो भारावला आणि तिच्यात हाताखालचा माणूस म्हणून कामाला लागला. कंपनीबरोबर तो गावोगाव हिंडला. पुढे कंपनी परत निघाली तेव्हा तिचे काही पोशाख त्याने विकत घेतले, असे सांगितले जाते. त्या पोशाखांपेक्षाही मोलाची गोष्ट त्याने मनात साठवून आणली होती. रंगमंचावर शिस्त असते, कथानकाला आदि आणि अंत असतो आणि संगीत हा नाटकाचा प्राण असतो, हे त्याने जवळून पाहिले होते. एका इटालियन संगीतिकेचे त्याने कोकणीत रूपांतर केले, कायतानिन फर्नांडिस, जुवांव आगुस्तिन फर्नांडिस आदी सोबत्यांना गोळा केले आणि प्रयोगाची तयारी चालविली.

या प्रयोगासाठी पुनरुत्थान रविवारच सोयीचा का, हे ख्रिस्ती कुटुंबांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस आपल्या पूर्वजांच्या घरांतून गाणेबजावणे बंद असे, लग्नसोहळे थांबत, ताटातले मांसाहारी पदार्थही कमी होत. कुडीतला गडी तर हा काळ अधिकच कडक पाळी. उत्तम शुक्रवारच्या शोकानंतर आलेलुया घुमला की इतके दिवस कोंडलेला आनंद एकदम मोकळा होई. शिवाय नोकरदार माणसाला हक्काची सुटी मिळे ती रविवारीच. सकाळी मिस्सा, दुपारी चार पदार्थांचे जेवण आणि संध्याकाळी आपल्या मायबोलीतले नाटक! उपवासाने भूक वाढवली होती. सणाने पान वाढले. चाळीस दिवसांची ती प्रतीक्षा नसती, तर त्या संध्याकाळला तेवढी गोडी आली असती काय? म्हणून वाटते की या रंगभूमीच्या जन्मात लुकाझिनच्या प्रतिभेइतकाच धार्मिक पंचांगाचाही वाटा आहे.

तियात्राचे रूप पुढे स्थिरावले ते असे: कथानकाचे सहा-सात ‘परदे’, म्हणजे प्रवेश, आणि दोन परद्यांच्या मध्ये ‘कांतार’, म्हणजे गीत. या कांताराचा कथेशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. महागाई, निवडणूक, सासू-सुनेचे भांडण, सरकारचा कारभार, काहीही त्याला वर्ज्य नाही. रंगमंचासमोर ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ढोल घेतलेला बँड बसतो. हे वादक आले कोठून? गोव्यात चर्चला जोडून धर्मग्रामशाळा असत. तेथे मेस्त्र मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत, ते मूलतः उपासनेसाठी. वेदीजवळ शिकलेल्या त्याच बोटांनी पुढे तियात्राला आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांनाही साथ दिली.

पहिल्या प्रयोगात भूमिका करणारे जुवांव आगुस्तिन फर्नांडिस हे मडगावच्या बोर्डा भागातले. जन्म १८७१ चा. पुढे त्यांनी इतके काम केले की लोक त्यांना ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्रकारांचे पिता, म्हणू लागले. त्यांचे पहिले तियात्र १८९५ चे, ‘सुंदरी कावेलची’. त्यात काळबादेवीलगतच्या कावेल या जुन्या ख्रिस्ती वस्तीचे नाव आहे. तीन वर्षांतच रूपांतराची कुबडी टाकून ही रंगभूमी स्वतःच्या गल्लीतली गोष्ट सांगू लागली होती. १९०४ साली त्यांनी ‘भाटकार’ रंगमंचावर आणले. भाटकार म्हणजे जमीनदार आणि त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराचे घर उठले, ही गोव्यातली रीत. कुडीत चटईवर झोपणाऱ्या कित्येकांचे आईबाप मुंडकारच होते. त्यांनी आपल्या मालकाला रंगमंचावर जाब विचारला जाताना पाहिला, तेव्हा त्यांच्या मनात काय उठले असेल! मुंडकाराला घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा गोव्यात १९७५ साली झाला. नाटक कायद्याच्या एकाहत्तर वर्षे पुढे होते.

याच ‘भाटकार’मध्ये आणखी एक धाडस घडले. जुवांव आगुस्तिन यांच्या पत्नी रेजिना फर्नांडिस स्त्रीभूमिका घेऊन रंगमंचावर उभ्या राहिल्या. कोकणी रंगभूमीवरची ती पहिली स्त्री. त्या काळी नामांकित मराठी नाटक मंडळ्यांत पुरुषच स्त्रीभूमिका करीत. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले ते त्यापुढच्या वर्षी, १९०५ मध्ये. कुलीन स्त्रीने नाटकात पाऊल टाकणे कलंक समजले जाण्याच्या त्या दिवसांत एका कॅथलिक पती-पत्नीने हे पाऊल एकत्र उचलले, याची नोंद आपण अभिमानाने ठेवली पाहिजे.

भाषेचीही बाजू येथे विसरता येत नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून गोवेकरांना तीन वर्षांच्या आत कोकणी टाकून पोर्तुगीज बोलण्यास सांगितले होते. फर्मान फसले, परंतु तुच्छता उरली. शिकलेल्या घरांत कोकणी ही नोकराचाकरांची बोली ठरली. मग तिला जपले कोणी? त्याच नोकराचाकरांनी. ज्या भाषेत साहेबाच्या घरी बोलायची सोय नव्हती, त्याच भाषेत त्यांनी तिकीट काढून नाटक पाहिले, हसले आणि रडले. पुढच्या काळात एम. बॉयर, आल्फ्रेड रोज यांच्यासारख्या कलावंतांनी ही परंपरा घरोघरी पोचवली आणि २००९ मध्ये गोव्यात तियात्र अकादमीची स्थापना होऊन तिला सरकारी मान्यताही लाभली.

पंचांगाचा एक खेळ येथे सांगण्याजोगा आहे. तियात्राची शताब्दी १७ एप्रिल १९९२ रोजी भरली आणि त्या वर्षी ती तारीख आली नेमकी उत्तम शुक्रवारी! तीस वर्षांनी, २०२२ साली, १७ एप्रिलला पुन्हा पुनरुत्थान रविवार आला. दुःख आणि आनंद यांच्यामध्ये तारीख अशी येरझारा घालते. तियात्रातही तसेच असते. एका परद्यात आई मरते आणि लगेच पुढचे कांतार प्रेक्षकांना हसवून सोडते. प्रेक्षकांना त्यात विसंगती वाटत नाही, कारण क्रूसानंतर रिकामी कबर येते हे ते लहानपणापासून ऐकत आले आहेत.

मराठीभाषिक कॅथलिक कुटुंबांनी या इतिहासातून काय घ्यावे? आपल्याही धर्मग्रामांत वसंत ऋतूत पुनरुत्थानाचा सण येतो, अंगणात मांडव पडतो, दिव्यांच्या माळा लागतात. मांडवात बहुधा भाड्याचा वाद्यवृंद असतो आणि गाणी परक्यांची असतात. आपल्या बोलीतली, आपल्या शेताभातातली, आपल्या घरच्या भांडणांची गोष्ट सांगायला आपली मुले उभी राहतील काय? लुकाझिनकडे काही जुने पोशाख, चार सोबती आणि सुटीचा एक रविवार होता. रविवार तर आपल्यापाशीही आहे.