एका यंत्रातली अनेक यंत्रे

शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा बहुधा एकच असते आणि वर्ग मात्र पाच-सहा. म्हणून आपण वेळापत्रक करतो. तास संपला की एका वर्गाने आपले साहित्य आवरायचे आणि दुसऱ्याने मांडायचे. समजा, घंटा होताच टेबलावरचे सारे साहित्य आहे त्या स्थितीत बाजूला ठेवता आले आणि पुढच्या वर्गाचा अर्धवट राहिलेला प्रयोग जसाच्या तसा मांडता आला. शिवाय ही अदलाबदल एका सेकंदात शेकडो वेळा होऊ लागली, तर? प्रत्येक वर्गाला वाटेल की प्रयोगशाळा आपल्या एकट्याचीच आहे!

संगणकाच्या बाबतीत हे प्रत्यक्षात घडते. एकाच संगणकात अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा व्यवहार उभा करण्याच्या या तंत्राला व्हर्च्युअलायझेशन, म्हणजेच आभासीकरण, असे म्हणतात. अदलाबदल सांभाळणाऱ्या कारभारी आज्ञावलीचे नाव हायपरव्हायजर. आज हे तंत्र साध्या टेबलावरच्या संगणकावरही बसवता येते. पण त्याचा जन्म झाला तो टंचाईतून.

टंचाई किती होती, हे आपल्याकडच्या उदाहरणावरून पाहू या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या गटाने ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधला. १९६० मध्ये तो काम करू लागला. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे. गुणाकार करून ८ ने भागले, तर १०,२४० बाइट येतात. आजचा ८ गिगाबाइट स्मृतीचा संगणक याच्या सुमारे ८ लाख ३९ हजार पट आहे. १९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा आयात संगणक आला. त्यावर बाहेरच्या संस्थांची कामेही होत. संशोधक छिद्रांकित पत्रांचा गठ्ठा देत आणि उत्तराची वाट पाहत. एखादी खूण चुकली असेल, तर पुन्हा रांगेत उभे राहावे लागे.

रांगेवरचा एक उपाय त्याच सुमारास अमेरिकेतील केंब्रिज शहरात शोधला जात होता. आयबीएम कंपनीच्या तिथल्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांच्या गटाने १९६४ च्या अखेरीस ‘सीपी-४०’ या प्रणालीचे काम सुरू केले. १९६७ च्या आरंभी ती वापरात आली. तिच्यामुळे एक यंत्र चौदा यंत्रांसारखे वागू शके. १९७२ मध्ये कंपनीने ‘व्हीएम/३७०’ या नावाने हे तंत्र ग्राहकांसाठी जाहीर केले.

याचे इंगित काय? प्रोसेसरला दोन अवस्था असतात. कारभाऱ्याच्या अवस्थेत सर्व आज्ञा चालतात, तर सामान्य अवस्थेत काही आज्ञांना मज्जाव असतो. आभासी यंत्रातील कार्यप्रणाली सामान्य अवस्थेत चालवली जाते. तिने निषिद्ध आज्ञा दिली की प्रोसेसर थबकतो आणि सूत्रे हायपरव्हायजरकडे जातात. हायपरव्हायजर त्या आज्ञेचा अपेक्षित परिणाम फक्त त्याच आभासी यंत्रापुरता घडवून आणतो. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये यासाठी पुरेशी अट नेमकेपणाने मांडली: यंत्राच्या मूळ स्थितीला हात घालणारी किंवा तिच्यावर अवलंबून असणारी प्रत्येक आज्ञा सामान्य अवस्थेत अडवली गेली पाहिजे.

घरोघरी पोचलेल्या इंटेल जातीच्या प्रोसेसरांत ही अट पुरी होत नव्हती. ‘पॉपएफ’ ही आज्ञा घ्या. कारभाऱ्याच्या अवस्थेत ती व्यत्ययांची वाट उघडू किंवा बंद करू शकते. सामान्य अवस्थेत मात्र प्रोसेसर तेवढा भाग मुकाट्याने गाळून पुढे जाई. विद्यार्थ्याने परवानगी मागावी आणि शिक्षकांनी होय किंवा नाही काहीच न म्हणता पुढचा धडा सुरू करावा, तसा हा प्रकार! १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालू असतानाच बदलून घेण्याची युक्ती वापरली. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या ‘झेन’ प्रकल्पाने २००३ मध्ये पाहुण्या कार्यप्रणालीतच फेरफार केले. अखेर २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली. २००७ मध्ये ‘केव्हीएम’ हा भाग लिनक्सच्या गाभ्यात आला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रियातील प्रॉक्समॉक्सची मुक्त प्रणाली प्रसिद्ध झाली. जे एके काळी फक्त प्रचंड यंत्रांना शक्य होते, ते सर्वांच्या आवाक्यात आले.

यंत्र आपले की भाड्याचे, हा प्रश्नही या इतिहासात वारंवार येतो. आयबीएम भारतात आपली यंत्रे प्रामुख्याने भाड्याने देत असे. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार भागभांडवल कमी करण्यास तिने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती देशाबाहेर गेली. तिची मागे राहिलेली यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी सरकारी सीएमसी कंपनीतील भारतीय अभियंत्यांनी पेलली. पुढे अमेरिकेने प्रगत महासंगणक देण्यास खळखळ केली. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. गंमत अशी की ‘परम’ची युक्ती आपल्या विषयाच्या बरोबर उलटी होती. तिथे अनेक प्रोसेसर एका कामाला जुंपून एक मोठे यंत्र उभे केले होते. अलीकडचे उदाहरण पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. त्यानंतर कायमचे परवाने विकणे थांबले आणि वर्गणीची पद्धत आली. अनेक संस्थांना आपला खर्च नव्याने मांडावा लागला.

आता बीड जिल्ह्यातील शिरूर कासारसारख्या गावच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाचा विचार करा. ८ गिगाबाइट स्मृतीचा जुना पण धडधाकट संगणक पुरेसा आहे. प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय सुरुवातीच्या सेटिंगमध्ये चालू करावी. प्रॉक्समॉक्सची प्रतिमा फाइल दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर उतरवावी. नुसती कॉपी करून चालत नाही. निवडलेल्या डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून आधी प्रत काढून ठेवणे अत्यावश्यक. यंत्राला जाळ्यातील कायमचा पत्ता दिला की पुढचा सारा कारभार दुसऱ्या संगणकावरच्या ब्राउझरमधून करता येतो.

कारभाऱ्यासाठी २ गिगाबाइट राखून प्रत्येकी २ गिगाबाइटची तीन लहान लिनक्स यंत्रे उभी करता येतील. एकात ‘किविक्स’च्या साह्याने विकिपीडिया ठेवला, तर इंटरनेट बंद असतानाही शाळेच्या जाळ्यावर तो वाचता येईल. दुसऱ्यात आज्ञावली लिहिण्याचा सराव, तिसरे खुशाल मोडून पाहण्यासाठी. मोडण्यापूर्वी त्या यंत्राचे स्थितिचित्र जपून ठेवले, तर काही मिनिटांत ते पूर्ववत होते. चुकण्याची अशी मुभा विद्यार्थ्याला एरवी कुठे मिळते?

अर्थात आभासीकरण शून्यातून स्मृती निर्माण करीत नाही. आहे तेवढीच वाटून देते. मूळ यंत्र बंद पडले, तर तिन्ही यंत्रे एकदमच बंद पडतात. म्हणून यूपीएस हवा आणि माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर हवी.

‘टिफ्रॅक’ काही वर्षांतच कालबाह्य झाला. पण तो बांधताना संगणक आतून जाणणारी माणसे तयार झाली आणि हे ज्ञान आयात करता येत नाही. भाड्याची सेवा सोयीची असते, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र यंत्राच्या आत काय चालते, हे स्वतःच्या यंत्रावर हात चालवल्याशिवाय कळत नाही. शाळेच्या अडगळीत पडलेला एखादा संगणक या शिक्षणाला पुरेसा ठरेल. तो बाहेर काढून त्याची स्मृती किती आहे, एवढे तर उद्याच पाहता येईल.