स्विचच्या पोर्टावरची चौकी

नेटवर्कात कोणाला आत घ्यायचं हे ठरवणारं नेटवर्क ॲक्सेस कंट्रोलचं, म्हणजे बोलण्यात ज्याला सगळे ‘नॅक’ म्हणतात त्याचं, सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की विक्रेत्यांकडून तक्ते यायला लागतात. सिस्कोचं आयएसई, अरुबाचं क्लिअरपास, फोर्टिनेटचं फोर्टिनॅक, फोरस्काउट, मुक्तस्रोत पॅकेटफेन्स. प्रत्येकाच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘आहे’ असंच लिहिलेलं. अशा तक्त्यावरून निवड होत नाही. यातलं कोणतं सॉफ्टवेअर कोणाच्या अडचणीतून जन्मलं हे पाहिलं, तर मात्र ते कोणतं काम सहज करतं आणि कोणतं ओढूनताणून, याचा पुष्कळ उलगडा होतो. कारण या सगळ्यांचं कूळ एक नाही.

सर्वांत जुनी शाखा मॉडेमच्या काळातली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या विद्यापीठांनी १९६६ साली मेरिट ही संस्था काढली. पुढे इंटरनेटचा तेव्हाचा कणा असलेलं एनएसएफनेट चालवण्याचं काम तिच्याकडे आलं. गावोगावी मॉडेमच्या रांगा आणि फोन लावून आत येणारे लोक. प्रत्येक ठिकाणच्या यंत्रात सगळ्यांची नावं आणि पासवर्ड भरत बसणं शक्यच नव्हतं. १९९१ मध्ये मेरिटनं कंपन्यांकडे विचारणा केली आणि कॅलिफोर्नियातल्या लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेसच्या प्रस्तावातून रेडियस हा प्रोटोकॉल पुढे आला. दारावरच्या यंत्रानं स्वतः काही ठरवायचं नाही. आलेल्याचं नाव मध्यवर्ती सर्व्हरला विचारायचं, तो हो म्हणाला तरच आत घ्यायचं आणि माणूस किती वेळ आत होता हेही त्याला कळवायचं. वेळेचा हिशेब बिलासाठी. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट खुलं केलं, तेव्हा मुंबईतली मंडळीही ते तासांवरच विकत घेत होती. त्या जमान्यात ‘कोण’ आणि ‘किती वेळ’ एवढेच प्रश्न होते. आलेला संगणक निरोगी आहे का, हे कोणी विचारत नव्हतं.

१९९७ मध्ये रेडियसचा आरएफसी, म्हणजे त्याचा जाहीर तांत्रिक दस्तऐवज, प्रसिद्ध झाला आणि आजचं जवळजवळ प्रत्येक नॅक पोटात तोच घेऊन चालतं. त्याबरोबर त्या काळातली एमडी५ ही हॅश पद्धतही आली. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी तिच्याच कमजोरीवर बेतलेला ‘ब्लास्ट-रेडियस’ हा हल्ला जाहीर केला. स्विच आणि सर्व्हर यांच्या मधोमध बसलेला हल्लेखोर, ईएपी ही ओळख पटवण्याची रीत न वापरणाऱ्या जोडणीत, सर्व्हरच्या नकाराचा होकार करू शकतो. तीन दशकांपूर्वीची सोय अशी आजच्या माथी येते.

दुसरी शाखा भिंतीतल्या सॉकेटची. कचेरीत केबल खोचली की माणूस आत, अशी इथरनेटची रीत होती. आयईईईनं २००१ मध्ये ८०२.१एक्स हे मानक काढलं आणि त्या सॉकेटामागच्या स्विचला विचारपूस करायला शिकवलं. लॅपटॉप जोडला की पोर्टावरचा दिवा लागतो, पण दार बंदच असतं. ८८८ई या क्रमांकाच्या चौकशीच्या फ्रेमा तेवढ्या ये-जा करतात. आयपी पत्ता मागण्याची विनंतीही पुढे जात नाही. स्विच म्हणतो, ओळख सांग. लॅपटॉपमधला सप्लिकंट, म्हणजे ओळख सांगणारा प्रोग्राम, उत्तर देतो, स्विच ते रेडियसच्या पाकिटात घालून सर्व्हरकडे पाठवतो. मग लॅपटॉप आणि सर्व्हर स्विचच्या डोक्यावरून एकमेकांची प्रमाणपत्रं पडताळून घेतात. शेवटी सर्व्हरचा होकार येतो, बरोबर व्हीलॅनचा क्रमांकही येतो: हिशेब खात्यातला माणूस या गल्लीत, पाहुणा त्या गल्लीत. सगळं सुरळीत असेल तर वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मला हे मानक फार देखणं वाटतं.

त्याला बळ मिळालं ते वायफायमुळे. त्याच २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमिर यांनी वेप या जुन्या वायफाय संरक्षणाची दुखती नस दाखवली आणि नवी रचना उभारताना संस्थांसाठी ८०२.१एक्सच घेतलं गेलं. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या सर्फनेटमधल्या क्लास विरेंगा यांनी मांडलेल्या कल्पनेतून एज्युरोम उभं राहिलं. परदेशी विद्यापीठातला संशोधक भारतातल्या सहभागी संस्थेत लॅपटॉप उघडतो, तेव्हा रेडियस सर्व्हरांच्या साखळीतून प्रश्न थेट त्याच्या घरच्या विद्यापीठापर्यंत जातो. आपल्याकडे हे काम अर्नेट पाहते. पण पोर्टावर कितीही कडक पहारा ठेवला, तरी कोणी स्वतःचं वायफाय यंत्र आणून लावलं तर काय? त्यासाठी हवेवरच नजर ठेवणारं तंत्र पुण्यात घडलं. एअरटाइट नेटवर्क्सचे अभियंते इथेच बसून ते करत होते. ती कंपनी पुढे मोजो झाली, २०१८ मध्ये अरिस्टानं घेतली. आणि अरिस्टाचं आज ॲग्नी नावाचं स्वतःचं नॅक आहे.

तिसरी शाखा वसतिगृहातली, आणि माझ्या मते नॅकचा स्वभाव घडला तो इथेच. कंपनी आपले संगणक स्वतः विकत घेते. विद्यापीठात दरवर्षी हजारो विद्यार्थी स्वतःचे घेऊन येतात. टेक्सासमधल्या साउथवेस्टर्न विद्यापीठात याच गरजेतून नेटरेग तयार झालं. अनोळखी यंत्राला तात्पुरता पत्ता द्यायचा, काहीही उघडलं तरी नोंदणीचंच पान दाखवायचं आणि नाव नोंदल्यावर मोकळं सोडायचं. हॉटेलच्या वायफायवर आपल्याला जे पान दिसतं त्याच जातीचं हे.

मग ११ ऑगस्ट २००३ ला ब्लास्टर हा वर्म सुटला. अमेरिकेतली वसतिगृहं भरण्याचे नेमके तेच दिवस. सुट्टीत घरी लागण झालेले लॅपटॉप खोल्याखोल्यांत जोडले जाऊ लागले. नुसतं नाव विचारून आता भागणार नव्हतं. विंडोजचा पॅच बसवला आहे का, अँटिव्हायरस चालू आहे का, हे तपासायचं. नसेल तर यंत्र वेगळ्या कप्प्यात ठेवायचं, दुरुस्तीपुरतीच वाट मोकळी ठेवायची. या कामाचं सॉफ्टवेअर करणारी परफिगो सिस्कोनं २००४ मध्ये घेतली. हार्वर्डमध्ये सुरू झालेलं पॅकेटफेन्स माँट्रियलच्या इन्व्हर्सकडे गेलं आणि २०२१ पासून अकामाईकडे आहे. विद्यापीठांना सॉफ्टवेअर पुरवणारी न्यू हॅम्पशरची ब्रॅडफर्ड २०१८ मध्ये फोर्टिनेटनं घेतली, तेच आजचं फोर्टिनॅक.

मायक्रोसॉफ्टनंही २००८ च्या विंडोज सर्व्हरमध्ये नॅप नावाची अशीच तपासणी आणली, पण २०१६ च्या आवृत्तीतून ती काढून टाकली. आपण निरोगी आहोत असं यंत्रानं स्वतःच सांगायचं आणि ते खरं मानायचं, हा पाया कच्चा होता. शिवाय विंडोज नसलेले फोन तोवर दारात गर्दी करून उभे होते.

तक्त्यात न दिसणारी खरी अडचण प्रिंटरची आहे. जुना प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरा, हजेरीचं यंत्र यांच्यात बहुधा सप्लिकंट नसतो. स्विच विचारतो, उत्तर नाही. पुन्हा विचारतो, पुन्हा शांतता. सिस्कोच्या स्विचवर वर्षानुवर्षं रुळलेल्या मूळ सेटिंगमध्ये असे ९० सेकंद जातात, मग तो यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, पाहून सोडतो. तोपर्यंत काही यंत्रं आयपी पत्ता मागून थकलेली असतात. आणि मॅक पत्ता यंत्राच्या मागच्या लेबलावर छापलेला असतो. तो उचलून लॅपटॉपला लावणं मिनिटाचं काम. म्हणून नॅकवाले यंत्राची वागणूक पाहू लागले: पत्ता मागताना ते काय काय मागतं, कोणते पोर्ट उघडे ठेवतं. २००० साली इस्रायलमध्ये सुरू झालेल्या फोरस्काउटची मुख्य ताकद हीच, यंत्रावर काहीही न बसवता बाहेरून ओळख पटवणं. फोन आता प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक पत्ता दाखवतात. आयफोनवर हे २०२० च्या आयओएस १४ पासून. त्यामुळे नुसत्या मॅकच्या यादीवर उभारलेल्या नोंदणीचा भरवसा आणखी कमी झाला.

आता निवडीकडे या. आयएसई २०११ मध्ये आलं, सिस्कोचा जुना रेडियस सर्व्हर आणि परफिगोची तपासणी एका छपराखाली घेऊन; सगळे स्विच सिस्कोचे असतील तिथे ते खुलतं, मिश्र नेटवर्कात त्याची बरीच खास हत्यारं म्यानातच राहतात. क्लिअरपास अरुबानं २०११ मध्येच घेतलेल्या अव्हेंडाकडून आलं; रेडियसचे नियम लिहिणं हा त्याचा पिंड, म्हणून तीन कंपन्यांचे स्विच असलेल्या संस्थेनं ते आधी पाहावं. फोर्टिनॅक यंत्रं दुरून हाताळण्याच्या एसएनएमपी या प्रोटोकॉलनं स्विचशी बोलून पोर्टाचा व्हीलॅन बदलू शकतं, त्यामुळे ८०२.१एक्स न जमणारी जुनी यंत्रं खूप असतील तिथे त्याचा उपयोग. रुग्णालय किंवा कारखान्यात यंत्राला हात लावता येत नाही, तिथे फोरस्काउट. पॅकेटफेन्सचा परवाना फुकट आहे, पण लिनक्स आणि फ्रीरेडियस हा मुक्तस्रोत रेडियस सर्व्हर जाणणारा माणूस कायमचा नेमावा लागतो. तो असेल तर छोट्या महाविद्यालयाला मी तेच सुचवीन.

चाचणीला विक्रेत्याचा नवा लॅपटॉप वापरू देऊ नका. आपल्याच इमारतीतला सगळ्यांत जुना प्रिंटर, जिन्यातला कॅमेरा आणि एखाद्या कर्मचाऱ्याचा फोन द्या. त्यानंतर रेडियस सर्व्हरची केबल काढायला सांगा आणि पोर्ट काय करतो ते पाहा: सगळ्यांना आत सोडतो, सगळ्यांना बाहेर ठेवतो की मर्यादित व्हीलॅनमध्ये टाकतो. रुग्णालयाच्या वॉर्डात उत्तर एक असेल, बँकेच्या शाखेत दुसरं, आणि ते करारावर सही होण्याआधी लेखी ठरलेलं असावं.