कल्पनाचित्रांची प्रार्थना (ख्रिस्ती समुपदेशन)

कल्पनाचित्रांची प्रार्थना ही ख्रिस्ती समुपदेशनात वापरली जाणारी एक पद्धत आहे. प्रार्थना करणारी व्यक्ती समुपदेशकाच्या किंवा धर्मगुरूच्या मार्गदर्शनाखाली शुभवर्तमानातील एखादा प्रसंग अथवा स्वतःच्या आयुष्यातील एखादी दुखरी आठवण मनासमोर उभी करते. त्या दृश्यात येशू ख्रिस्त उपस्थित आहे अशी कल्पना करून ती त्याच्याशी संवाद साधते. शोक, अपराधीपणाची भावना, बालपणीची अवहेलना, जुना राग अशा भावनिक जखमा सुसह्य व्हाव्यात हा यामागील हेतू असतो. महाराष्ट्रात या पद्धतीचा संबंध प्रामुख्याने येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो आणि त्यांच्या पुणे व लोणावळा येथील कार्याशी जोडला जातो.

उगम

या पद्धतीचे मूळ येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात आहे. त्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. साधकाने प्रसंगाचे स्थळ आधी मनात रचावे, मग तेथील माणसे पाहावीत, त्यांचे बोलणे ऐकावे, वास आणि स्पर्शही अनुभवावा, असा क्रम त्यात सांगितला आहे. ग्रंथाच्या आरंभीच्या सूचनांमध्ये मार्गदर्शकावर घातलेले बंधन फारसे चर्चिले जात नाही, पण ते महत्त्वाचे आहे. त्याने प्रसंग थोडक्यात सांगून थांबावे, कारण साधकाला जे स्वतः गवसते ते अधिक गोड लागते. आणि तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहून त्याने साधकाला कोणत्याही बाजूला झुकवू नये. या पद्धतीवरील पुढच्या बहुतेक वादांचे मूळ या मर्यादेच्या उल्लंघनात सापडते.

विसाव्या शतकात अमेरिकेत अ‍ॅग्नेस सॅनफर्ड (१८९७–१९८२) यांनी प्रार्थनेद्वारे आठवणी बऱ्या होण्याची कल्पना मांडली. १९७० च्या दशकात कॅथलिक करिश्माई चळवळीत तिचा मोठा प्रसार झाला. प्रॉटेस्टंट समुपदेशनात डेव्हिड सीमँड्स यांचे या विषयावरील पुस्तक (१९८५) विशेष वाचले गेले. ते भारतात काम केलेले मेथडिस्ट मिशनरी होते.

अँथनी डिमेलो आणि 'साधना'

अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांचा जन्म मुंबईचा. येशूसंघात प्रवेश केल्यानंतर त्यांनी पुण्यात ईश्वरविद्येचे आणि शिकागो येथील लोयोला विद्यापीठात मानसशास्त्राचे शिक्षण घेतले. १९७० च्या दशकात त्यांनी पुण्यात समुपदेशनाचे प्रशिक्षण देणारी 'साधना' ही संस्था उभारली. पुढे ती लोणावळ्यास गेली. धर्मगुरू आणि धर्मभगिनी तेथे प्रार्थना व समुपदेशन एकत्रच शिकत.

त्यांचे 'साधना' हे इंग्रजी पुस्तक १९७८ मध्ये गुजरातमधील आणंद येथून प्रसिद्ध झाले. श्वास आणि शरीराच्या जाणिवेपासून सुरू होणाऱ्या या पुस्तकाचा एक स्वतंत्र भाग कल्पनाचित्रांना वाहिलेला आहे. त्यात मनातील आकसापासून मुक्ती, दुखावणाऱ्या आठवणींचे बरे होणे, स्वतःच्या अंत्यविधीची कल्पना असे अभ्यास आहेत. 'रिकामी खुर्ची' या अभ्यासात समोरच्या खुर्चीत ख्रिस्त बसला आहे असे मानून त्याच्याशी मोकळेपणाने बोलायचे असते. गेस्टाल्ट मानसोपचारातही रिकाम्या खुर्चीचे तंत्र आहे. तिथे मात्र खुर्चीत आई, वडील किंवा स्वतःचाच एखादा अंश बसवला जातो.

१९९८ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांतविषयक मंडळाने डिमेलो यांच्या लेखनातील काही मतांबद्दल इशारा दिला. त्याचा रोख ईश्वर आणि येशू यांच्या स्वरूपाविषयीच्या विधानांवर होता. कल्पनाचित्रांचे अभ्यास हा त्याचा मुख्य विषय नव्हता.

पद्धत

बैठकीच्या आरंभी काही मिनिटे शांतपणे श्वासाकडे लक्ष दिले जाते. नंतर प्रसंग वाचला जातो. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आंधळ्या भिकाऱ्याला 'तुला काय हवे आहे' अशा अर्थाचा प्रश्न येशू विचारतो, तो प्रसंग यासाठी सोयीचा असतो, कारण उत्तर साधकालाच द्यावे लागते. वैयक्तिक आठवण घ्यायची असल्यास सौम्य आठवणीपासून सुरुवात करतात. समुपदेशक 'आता काय दिसते?' असे विचारतो. 'येशू तुला मिठी मारत आहे' असे सांगत नाही. शेवटी डोळे उघडून, खोलीतील वस्तूंकडे पाहून साधक वर्तमानात परततो आणि अनुभवाबद्दल बोलतो किंवा लिहितो.

घडलेली घटना यातून बदलत नाही. तिच्याभोवतीचे एकाकीपण, लाज किंवा 'दोष माझाच होता' ही समजूत बदलू शकते, एवढाच दावा जबाबदार समुपदेशक करतात. संज्ञानात्मक उपचारांतील 'प्रतिमा-पुनर्लेखन' हे तंत्र याला जवळचे आहे.

रत्नागिरी आणि कोकण

रत्नागिरी जिल्हा २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. येथील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. अशा समाजात साधकाला आणि त्याच्या कुटुंबाला धर्मगुरू बहुधा आधीपासूनच ओळखत असतो. त्यामुळे गोपनीयतेचा प्रश्न शहरातल्यापेक्षा नाजूक ठरतो.

प्रतिमांच्या भाषेबाबत मात्र या जिल्ह्याकडे मोठा वारसा आहे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी वारकरी संतांच्या वळणाने ख्रिस्ताला गुरू आणि माउली म्हणून पाहिले. ज्याला बापाकडूनच मार किंवा छळ सोसावा लागला, त्याच्यापुढे 'स्वर्गीय पित्या'चे चित्र ठेवले तर भीतीच जागी होण्याची शक्यता असते. अशा वेळी मराठी भक्तिपरंपरेतील माउलीचे रूप समुपदेशकाच्या कामी येऊ शकते.

टीका आणि मर्यादा

काही इव्हँजेलिकल लेखकांनी, विशेषतः १९८५ नंतर, मनातील चित्रांचा असा वापर गूढविद्येच्या जवळचा मानून नाकारला आहे. मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप वेगळा आणि अधिक गंभीर आहे. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या संशोधनातून सूचनेमुळे न घडलेल्या घटनेचीही खरी वाटणारी आठवण तयार होऊ शकते हे दिसून आले. प्रार्थनेत 'दिसलेला' अत्याचार हा पुरावा मानल्यास निरपराध नातेवाइकावर आरोप येऊ शकतो. उलट, खऱ्या अत्याचाराच्या बाबतीत क्षमेची घाई करविल्यास पीडित व्यक्ती गप्प बसते आणि अत्याचारी सुरक्षित राहतो.

भास-भ्रमाचे विकार, तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असताना ही पद्धत वापरणे धोक्याचे आहे. तेथे मनोविकारतज्ज्ञाचे उपचार आवश्यक असतात. रत्नागिरी शहरात १८८६ मध्ये स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील चार शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. उरलेली तीन ठाणे, पुण्यातील येरवडा आणि नागपूर येथे आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा अधिकार आहे.