धुराड्यांचे नियमन आणि त्याचा खर्च : पुणतांबा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
गोदावरीकाठचे पुणतांबा चांगदेवांच्या समाधीमुळे व १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे सर्वपरिचित आहे. याच राहाता तालुक्यात प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचे चिपाड जळते व धुराबरोबर राख उडते. सहकारी कारखान्यात ऊस उत्पादक हाच सभासद असल्याने धूर रोखण्याचा खर्च अखेर त्याच्याच ऊसदरावर पडतो. म्हणून कमीत कमी खर्चात हवा शुद्ध राखणारा नियम कोणता, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

कायद्याची वाटचाल :
मुंबईत इ. स. १९१२ मध्ये धूर-उपद्रव कायदा झाला. पुढे १९८१ च्या केंद्रीय वायुप्रदूषण कायद्याने उत्सर्जनाची मर्यादा ठरविली व ती ओलांडल्यास किमान दीड वर्षाच्या कारावासाची तरतूद केली. मात्र मर्यादा थोडी ओलांडणारा व फार ओलांडणारा या दोघांनाही फौजदारी खटल्याचीच वाट होती. ५ जून २०१७ रोजी, शेतकरी संप चालू असतानाच, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांना एक ते पाच तारे देणारी योजना जाहीर केली. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कारावासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला.

अर्थशास्त्रीय विवेचन :
प्रदूषणाची झळ इतरांना बसत असेल तर ती कराच्या रूपाने प्रदूषकाकडून वसूल करावी, असे पिगू यांनी १९२० मध्ये मांडले. धूर कमी करण्याचा खर्च प्रत्येक कारखान्यात वेगळा असतो. सर्वांना एकच मर्यादा लावल्यास एकूण खर्च वाढतो. सुरतमध्ये २०१९ पासून धूलिकणांच्या उत्सर्जन परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. तेथील अभ्यासात सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

तथापि सुरतचे कारखाने एकाच शहराच्या परिसरात आहेत, तर साखर कारखाने खेडोपाडी विखुरलेले आहेत. दूरच्या कारखान्याने धूर कमी केला म्हणून येथील शिवारावर पडणारी राख थांबत नाही.

निष्कर्ष :
परवान्यांचा बाजार एकूण उत्सर्जन मोजतो. ते कोणत्या गावावर पडते, हे मोजत नाही. म्हणून ग्रामीण भागात स्थानिक मर्यादा कायम ठेवून, तीवरील उत्सर्जनास त्याच्या प्रमाणात वाढणारे शुल्क लावणे अधिक सयुक्तिक ठरेल. मोजणीचे आकडे मात्र ग्रामसभेपर्यंत पोहोचले पाहिजेत. कारण खर्च सोसणारा आणि धूर सोसणारा येथे बहुधा एकच शेतकरी आहे.